फोंतेन्हासच्या बुटीक हॉटेलात राहायचंय? आधी गल्ली, मग खोली, दर शेवटी

पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीतल्या बुटीक हॉटेलांत, म्हणजे जुनी घरं सजवून केलेल्या छोट्या हॉटेलांत, राहून आलेल्यांच्या तक्रारी ऐकल्या तर त्या फिरून फिरून त्याच असतात. आईला जिना चढवेना. गाडी लावायला जागा मिळेना. सकाळी सातला बसमधून उतरलो आणि खोली दुपारी दोनला हातात आली. फोटोत होती ती खोली मिळालीच नाही. रात्री खालच्या रस्त्यावरची वर्दळ थांबेना. यातलं काहीच रिसेप्शनवर भांडून सुटत नाही, कारण या सगळ्याचा निकाल बुकिंगच्या दिवशीच लागलेला असतो.

चूक क्रमात होते. लोक ॲप उघडतात, दर स्वस्तापासून महागापर्यंत लावतात, छान दिसेल ते हॉटेल घेतात आणि पत्ता नंतर पाहतात. खोली कोणती, हे तर थेट तिथे पोहोचल्यावर कळतं. मोठ्या साखळीच्या हॉटेलात असं केलं तरी निभावतं, कारण तिथे सगळ्या खोल्या एकाच मापाच्या असतात. जुन्या घराचं हॉटेल केलेलं असतं तिथे दोन खोल्याही सारख्या सापडत नाहीत. एक माडीवर कौलाखाली, दुसरी परसाकडे, तिसरी रस्त्यावर उघडणारी, आणि तिन्हींना ॲपवर नाव एकच: ‘डिलक्स’.

म्हणून क्रम उलटा करा. खालचे टप्पे फोंतेन्हास डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहेत. कर, कागदपत्रं, चेक-इन आणि बिलाचा भाग बांद्र्याला किंवा फोर्ट कोचीला राहणार असाल तरी तसाच लागू पडेल.

## टप्पा १: ही जागा आपल्यासाठी आहे का, ते आधी ठरवा

फोंतेन्हास समुद्रकिनाऱ्यावर नाही. ही शहरातली जुनी वस्ती आहे. एका बाजूला आल्तिन्योची टेकडी, दुसऱ्या बाजूला ओरेंची खाडी आणि मध्ये अरुंद गल्ल्या. पणजीचाच मिरामार किनाराही इथून तीन-चार किलोमीटर आहे आणि कळंगुट सुमारे पंधरा. रोज समुद्रात डुंबायचा बेत असेल तर इथे खोली घेऊ नका, दिवसातले दोन तास रस्त्यावर जातील. पायी फिरणं, खाणं, कलादालनं, जुन्या घरांमधून हिंडणं आणि एखादी सकाळ जुने गोवे, असा बेत असेल तर मात्र याहून चांगली जागा मला माहीत नाही.

मग बरोबर कोण आहे ते पाहा. गुडघेदुखी असलेलं माणूस, रांगतं मूल किंवा सहा-आठ जणांचा गट असेल तर अडचणी वाढतात. या घरांना बहुधा लिफ्ट नसते. लाकडी जिने उभे असतात आणि पायऱ्या अरुंद. लाकडी जमिनीवर मुलं धावली की खालच्या खोलीत थेट आवाज जातो. काही बुटीक हॉटेलं लहान मुलांना घेतच नाहीत आणि ती अट बुकिंगच्या पानावर अगदी तळाशी लिहिलेली असते.

तिसरी गोष्ट म्हणजे तारखा. नोव्हेंबरात पणजीत इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव, त्याच महिन्याच्या ३ तारखेला जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे तिथल्या चर्चचा उत्सव, आणि पुढे नाताळ ते नववर्ष. फेब्रुवारीच्या आसपास कार्निव्हल. त्यातल्या शनिवारी पणजीत मिरवणूक निघते आणि वाहतूक वळवलेली असते. या दिवसांत दर चढतात आणि मनासारखी खोली मागायला वावच राहत नाही. त्या सोहळ्यासाठीच जात असाल तर खूप आधी बुक करा. तसं नसेल तर एखादा आठवडा मागेपुढे सरका.

तपासा: पावसाळ्यात दर उतरतात हे खरं. पण जून ते सप्टेंबरात जाणार असाल तर दोन प्रश्न वाढवा. वीज गेल्यावर खोलीतला एसी जनरेटरवर चालतो का? आणि खोलीला ओल येते का? जांभ्या दगडाच्या जुन्या भिंती पाणी धरतात. दमा असलेल्या माणसाला अशा खोलीत रात्र काढणं अवघड जातं.

## टप्पा २: हॉटेल नंतर, आधी गल्ली

नकाशात फोंतेन्हास हा एक छोटासा तुकडा दिसतो, पण त्यातल्या प्रत्येक पट्ट्याचा स्वभाव वेगळा आहे.

३१ जानेवारी मार्ग. वस्तीच्या मधोमध जाणारा रस्ता. बेकरी, छोटे बार, खाणावळी, राहायच्या जागा सगळं याच्या आजूबाजूला. संध्याकाळी खोलीतून खाली उतरलात की थेट गजबजाटात. रस्त्याकडच्या खोलीत दुचाक्यांचा आणि बोलण्याचा आवाज येणारच. ज्यांना ही जाग हवीशी वाटते त्यांनी इथेच राहावं. झोप सावध असेल तर याच रस्त्यावरच्या हॉटेलात मागच्या बाजूची खोली मागावी.

रुआ दि ओरें. खाडीच्या काठचा रस्ता. समोर मोकळी जागा, खिडकीतून पाणी, आणि वाहनं गल्ल्यांपेक्षा सहज येतात, त्यामुळे सामान उतरवायला बरा. पण वाहतूकही याच रस्त्यावर जास्त. ओहोटीच्या वेळी खाडीला वास येतो. खाडीकडची खिडकी म्हणून जादा पैसे मागत असतील तर हे लक्षात ठेवून हो म्हणा.

आतल्या गल्ल्या आणि आल्तिन्योकडचा चढ. रात्री इथे सगळ्यात शांत. सेंट सेबेस्टियन चॅपेलच्या आसपासची रंगीत घरं याच भागातली, म्हणून दिवसा फोटो काढणाऱ्यांची गर्दी. बऱ्याच ठिकाणी गाडी दारापर्यंत जात नाही, बॅग उचलून न्यावी लागते. मळ्याच्या मारुतीकडे जाणाऱ्या बाजूला चढ आणि पायऱ्या आहेत.

सांव तोमे. पोस्टाच्या बाजूचा, वस्तीला लागून असलेला भाग. चर्च चौक आणि बाजार पायी जवळ. ज्यांना पणजी शहरात कामही आहे त्यांना सोयीचा.

गल्ली ठरली की त्या गल्लीतली दोन-तीनच हॉटेलं निवडा आणि त्यांचे अभिप्राय वाचा. सगळे वाचायची गरज नाही. शोधाच्या चौकटीत जिना, आवाज, पार्किंग, गरम पाणी, डास हे शब्द घालून तेवढेच वाचा. पाहुण्यांनी काढलेले फोटो हॉटेलच्या फोटोंआधी बघा. हॉटेलच्या फोटोत रुंद भिंगामुळे आठ फुटांची खोली बारा फुटांची भासते. खाटेच्या कडेला भिंतीपर्यंत किती जागा उरते आणि बॅग उघडी कुठे ठेवणार, हे पाहुण्यांच्या फोटोतच दिसतं.

इशारा: ‘फोंतेन्हासजवळ’ असं लिहिलेली जागा खाडीपलीकडच्या पाटोच्या किंवा आल्तिन्योच्या पलीकडेही असू शकते. नकाशावर हॉटेलपासून चॅपेलपर्यंतचा पायी रस्ता मोजा आणि त्यात चढ किती आहे तेही पाहा.

## टप्पा ३: फोन करा आणि खोली नावानिशी ठरवा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आणि लोक नेमका हाच गाळतात. ॲपवर तुम्ही खोलीचा प्रकार घेता, विशिष्ट खोली नाही. छोट्या हॉटेलात फोन उचलणाऱ्या माणसाला प्रत्येक खोली तोंडपाठ असते. पाच मिनिटं बोललात तर दोन रात्रींची झोप पक्की होते. सकाळी दहा ते बारा ही वेळ टाळा, तेव्हा चेक-आउटची घाई असते. संध्याकाळी चारच्या सुमारास फोन केलेला बरा. मराठीत बोललात तरी बहुतेकांना कळतं.

विचारायच्या गोष्टी अशा:

१. खोली कितव्या मजल्यावर? जिना लाकडी की दगडी, कठडा आहे का?
२. खिडकी कुठे उघडते: रस्त्यावर, परसात की मधल्या चौकात? खिडकी खरोखर उघडते का? शिंपल्यांची तावदानं सुंदर दिसतात, पण पडदा नसेल तर सकाळी सहालाच खोलीत उजेड भरतो.
३. खाट एक मोठी की दोन वेगळ्या? या खोल्यांमध्ये जुन्या उंच खाटा असतात आणि वयस्कर माणसाला त्यावर चढणं जड जातं. तिसऱ्या माणसासाठी खाट मिळणार की जमिनीवर गादी?
४. बाथरूम खोलीला लागून आहे ना? आत जाताना पायरी किंवा उंबरा आहे का? नंतर बसवलेली बाथरूमं बहुधा एक पायरी वर असतात आणि रात्री तिथेच ठेच लागते.
५. खोलीखाली किंवा शेजारी स्वयंपाकघर, बार, कॅफे आहे का? तो किती वाजता बंद होतो?
६. सध्या शेजारी किंवा समोर बांधकाम चालू आहे का?

सहावा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि सकाळी नऊला हातोडा सुरू झाला की हॉटेलवाल्याच्याही हातात काही राहत नाही.

बोलून झालं की तेच सगळं व्हॉट्सॲपवर लेखी पाठवा. मजकूर साधा ठेवा:

*नमस्कार. १२ ते १४ तारखेपर्यंत दोन रात्री, तीन मोठी माणसं. आईचे गुडघे दुखतात, म्हणून तळमजल्यावरची, मागच्या बाजूची खोली हवी. मघाशी फोनवर बोललो ती खोली आमच्यासाठी ठेवली आहे ना? तिचा नंबर किंवा नाव आणि आत्ताचे दोन फोटो पाठवाल का? तिसरी खाट लागेल. आम्ही सकाळी सातला पोहोचू, बॅगा ठेवता येतील का? गाडी कुठे लावायची तेही कळवा.*

उत्तरात खोलीचा नंबर किंवा नाव यायला हवं. ‘बघू’, ‘प्रयत्न करू’ असं उत्तर आलं तर ते ‘नाही’ समजून पुढच्या हॉटेलकडे वळा. गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर जराही जोखीम घेऊ नका.

## टप्पा ४: आता दर, कर आणि अटी

खोली ठरली. आता पैशाकडे या. तोच प्रकार, त्याच तारखा, ॲपवर आणि थेट हॉटेलकडे असे दोन दर घ्या. छोटी हॉटेलं थेट बुकिंगला थोडी सूट देतात किंवा नाश्ता धरून देतात, कारण त्यांचं ॲपचं कमिशन वाचतं. दर कमी नाही केला तर खोलीची निवड आणि लवकर चेक-इन मागा. मला विचाराल तर शंभर-दोनशे रुपयांपेक्षा या दोन गोष्टी जास्त मोलाच्या आहेत.

कराची पायरी ध्यानात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका खोलीचं एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के आणि त्यावर गेलं तर १८ टक्के. हा फरक थोडाथोडका नाही. ७,४०० च्या खोलीवर कर ३७० रुपये, एकूण ७,७७०. ७,६०० च्या खोलीवर कर १,३६८ रुपये, एकूण ८,९६८. भाड्यातला फरक दोनशेचा, खिशातून जाणारा जवळपास बाराशेचा. म्हणून दर या रेषेच्या आसपास असेल तर दोन गोष्टी विचारा: तिसऱ्या खाटेचे पैसे धरून भाडं ७,५०० च्या वर जातं का, आणि नाश्ता वगळला तर खाली येतं का.

नाश्त्याची भाषा. ईपी म्हणजे फक्त खोली. सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. फोंतेन्हासमध्ये एमएपी घेऊ नका. चार पावलांवर खाणावळी असताना रात्रीचं जेवण हॉटेलात बांधून घेण्यात अर्थ नाही. सीपी घ्यायचा तर नाश्ता किती वाजता सुरू होतो ते विचारा. आठला सुरू होत असेल आणि तुमची गाडी सकाळची असेल, तर त्या दिवसाच्या नाश्त्याचे पैसे वाया गेलेच म्हणून समजा.

रद्द करण्याची अट. ‘नॉन-रिफंडेबल’ दर दहा-पंधरा टक्क्यांनी कमी दिसतो म्हणून मोह होतो. रेल्वेचं तिकीट वेटिंगवर असेल तोवर हा दर घेऊ नका. आधी प्रवास पक्का, मग खोलीचे पैसे. तारीख आणि वेळ अशी लेखी घ्या: ‘अमुक तारखेच्या दुपारी दोनपर्यंत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत’. नुसतं ‘४८ तास आधी’ लिहिलेलं असलं की ते तास कुठून मोजायचे यावरून वाद होतो.

तपासा: पैसे भरण्याआधी तुमच्याकडे लेखी असायला हव्यात अशा गोष्टी: खोलीचा नंबर किंवा नाव, करासह एकूण रक्कम, नाश्ता आहे की नाही, किती माणसं, चेक-इन आणि चेक-आउटची वेळ, रद्द करण्याची शेवटची वेळ. आगाऊ रक्कम यूपीआयने भरत असाल तर पैसे जाण्याआधी पडद्यावर दिसणारं नाव हॉटेलचं किंवा त्याच्या कंपनीचं आहे ना, ते पाहा. हॉटेलचा नंबर गुगलवर कोणीतरी बदलून ठेवलेला असण्याचे प्रकार होतात. नंबर हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घेतलेला बरा.

## टप्पा ५: कागदपत्रं, प्रत्येकाची

सोबतच्या प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं, फक्त बुकिंग करणाऱ्याचं नाही. आधार, वाहन परवाना, मतदार कार्ड किंवा पासपोर्ट चालतो. पॅनवर पत्ता नसतो म्हणून हॉटेलं ते बहुधा घेत नाहीत. आधार द्यायचं तर ‘मास्क्ड’ आधार डाउनलोड करून ठेवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. मुलांचंही काहीतरी ओळखपत्र जवळ असू द्या.

परदेशी पासपोर्ट असलेलं कोणी बरोबर असेल, मग ती अमेरिकेत जन्मलेली सख्खी भाची का असेना, तर तिचा मूळ पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड लागेल. परदेशी नागरिक उतरला की हॉटेलला २४ तासांच्या आत त्याची नोंद करून सरकारला कळवावं लागतं. फोटोकॉपीवर भागत नाही आणि सगळ्या हॉटेलांना ही नोंदणी करता येतेच असं नाही. बुकिंगच्या फोनवरच विचारून घ्या.

लग्न न झालेल्या दोन सज्ञान व्यक्तींनी एका खोलीत राहायला कायद्याची आडकाठी नाही. तरी काही हॉटेलं स्वतःचा नियम लावतात आणि काही ठिकाणी गोव्याचाच पत्ता असलेलं ओळखपत्र नाकारतात. दारात उभं राहून हा विषय निघणं अपमानास्पद असतं, म्हणून आधी लेखी विचारावं.

## टप्पा ६: पोहोचण्याची वेळ आणि गाडीची जागा

पुण्या-मुंबईहून येणाऱ्या रात्रीच्या बस सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान पणजीत उतरवतात. चेक-इन बहुधा दुपारी एक किंवा दोनला. मधले सहा तास हीच पहिल्या दिवसाची सगळ्यात मोठी चूक. तीन उपाय आहेत. आदल्या रात्रीपासून खोली घ्या आणि ‘पहाटे पोहोचू’ असं लेखी कळवा, नाहीतर आलाच नाहीत असं समजून खोली दुसऱ्याला जाईल. किंवा लवकर चेक-इनचे पैसे ठरवून घ्या. किंवा बॅगा ठेवून, तोंड धुऊन बाहेर पडा. या तिसऱ्या उपायात अंघोळीची सोय आहे का, तेवढं आधी विचारा. मग कॅफे भोसले किंवा कॅफे ताटोला भाजी-पाव खाऊन सकाळ मजेत जाते.

रेल्वेने येत असाल तर पणजीला जवळचं स्थानक करमळी, सुमारे बारा किलोमीटर. तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत. थिवी साधारण वीस किलोमीटर, मडगाव तीस-पस्तीस. मुंबईहून सकाळी सुटणारी वंदे भारत थिवीला थांबते आणि कोरड्या दिवसांत दुपारी पोहोचवते, त्यामुळे चेक-इनची वेळ आपोआप जुळते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा वेळ पुन्हा पाहा. विमानाने आलात तर मोपा आणि दाबोळी यांच्यात गल्लत करू नका. दोन्ही विमानतळ गोव्यातच, पण मोपा उत्तर टोकाला आणि दाबोळी दक्षिणेकडे. तिकिटावर कोणतं लिहिलंय ते पाहूनच टॅक्सी सांगा. मोपाहून पणजीला कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसही आहेत.

गोव्यात ओला-उबर धरून बेत आखू नका. गोवामाइल्स ॲप, हॉटेलने सांगितलेली टॅक्सी, किंवा एकटे असाल आणि बॅग लहान असेल तर पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी. भाडं बसण्याआधी ठरवा. कदंब बसस्थानक पाटोला आहे. तिथून खाडी ओलांडली की फोंतेन्हास, हलकी बॅग असेल तर चालतही जाता येतं.

स्वतःची गाडी असेल तर. नकाशाचं ॲप तुम्हाला हॉटेलच्या दारात न्यायच्या नादात अशा गल्लीत घालतं जिथून वळता येत नाही. एकेरी रस्तेही आहेत. हॉटेलला विचारा, ‘गाडी नेमकी कुठे थांबवून सामान उतरवू?’ आणि नकाशात ती खूण घाला. सामान उतरवायला एकाला पाठवा, दुसऱ्याने गाडीतच थांबावं. रुआ दि ओरेंवर जागा मिळाली तर ठीक, नाहीतर पाटोला बहुमजली वाहनतळ आहे. एकदा गाडी लावली की दोन दिवस हलवूच नका. फोंतेन्हासमध्ये गाडीचा उपयोग नाही.

इशारा: कोणाच्या फाटकासमोर ‘दोनच मिनिटं’ म्हणून गाडी लावू नका. ही लोकांची राहती घरं आहेत. इथल्या माणसांचा पर्यटकांवरचा सगळ्यात मोठा राग याच गोष्टीचा आहे, आणि तो रास्त आहे.

भाड्याने दुचाकी घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. खासगी पाटीची गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि पोलिसांनी अडवलं की त्रास चालवणाऱ्याला. हेल्मेट दोन मागून घ्या.

## टप्पा ७: चेक-इन: सही आधी नको, खोली आधी

रजिस्टरवर सही करण्याआधी एकाने खोली पाहून यावी, बाकीच्यांनी खाली बसावं. उलट केलंत, म्हणजे बॅगा वर चढल्या, मुलं खाटेवर लोळली, की खोली बदलून मागायचा उत्साहच राहत नाही. खोलीत शिरल्यावर या क्रमाने पाहा:

१. ही तीच खोली आहे का? व्हॉट्सॲपवरचा नंबर किंवा नाव ताडा.
२. एसी लावा आणि चालू ठेवूनच बाकीची पाहणी करा. दहा मिनिटांत थंडावा आणि आवाज दोन्ही कळतात.
३. गरम पाण्याचा नळ सोडा, फ्लश ओढा, न्हाणीघरातलं पाणी निचरतं का ते बघा.
४. खिडकी आणि दाराच्या कड्या. जुन्या दारांना आतून अडसर असतो, तो नीट बसतो का?
५. खाटेजवळ चार्जिंगची जागा, मच्छरदाणी किंवा डासांचं यंत्र.
६. जमिनीवर, आरशावर, फर्निचरवर आधीच पडलेले ओरखडे किंवा तडे. त्यांचे फोटो काढून लगेच रिसेप्शनच्या नंबरवर पाठवा.

सहावी गोष्ट बुटीक हॉटेलात विशेष गरजेची. तिथल्या खुर्च्या, कपाटं, दिवे जुने आणि महागडे असतात. आधीच तुटलेल्या पायाचे पैसे जाताना तुमच्याकडून मागितले गेले तर हाताशी पुरावा हवा. अनामत रक्कम घेतली असेल तर तिची पावती मागा.

खोली चुकीची निघाली तर आवाज न चढवता व्हॉट्सॲपवरचा संदेश दाखवा आणि विचारा, ‘ही खोली आत्ता रिकामी नसेल तर उद्या मिळेल का? आणि आजच्या फरकाचं काय?’ लेखी बोलणं असलं की छोट्या हॉटेलांचे मालक बहुतेक वेळा मार्ग काढतात, कारण त्यांची भिस्त पुढच्या अभिप्रायावर असते.

## टप्पा ८: राहताना

आवाज, दोन्ही बाजूंनी. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला कायद्याने बंदी आहे. सणांसाठी सरकार मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत मुभा देऊ शकतं. त्या वेळेनंतरही कर्णा वाजत असेल तर आधी हॉटेलला सांगा. थांबला नाही तर ११२ आहेच. पण इथला खरा आवाज कर्ण्याचा नसतो, तो रस्त्यावर उभं राहून गप्पा मारणाऱ्या पाहुण्यांचा असतो. गल्ली इतकी अरुंद आहे की बाल्कनीतलं हळू बोलणंही समोरच्या घरात ऐकू जातं. दहानंतर मैफल आत न्या. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या सायकलचा भोंगा ऐकू येईल. त्याची तक्रार करू नका, खाली जाऊन पोई, म्हणजे गोव्याचा पाव घ्या.

फोटो. अनेक घरांवर फोटो काढू नये अशी पाटी लावलेली आहे, ती पाळा. पाटी नसली तरी कोणाच्या पायरीवर बसणं, दाराची कडी धरून उभं राहणं, खिडकीतून आत कॅमेरा रोखणं नको. खास कपडे घालून, मोठे कॅमेरे लावून लग्नाआधीचं शूट करायचं असेल तर ते हॉटेलच्या आवारात करता येईल का, किती पैसे पडतील, हे बुकिंगच्या वेळीच विचारायची गोष्ट आहे.

जेवणाच्या वेळा. दुपारी एक ते चारच्या मध्ये पणजीतली बरीच दुकानं बंद असतात आणि तीननंतर स्वयंपाकघरं विझतात ती एकदम सातला पेटतात. साडेतीनला भूक घेऊन निघालात तर उपाशी फिराल. रविवारी बंद दुकानं आणखी वाढतात. शाकाहारी असाल, उपास असेल, कांदा-लसूण चालत नसेल तर हॉटेलला आदल्या संध्याकाळी सांगा. त्यांचं स्वयंपाकघर छोटं असतं, सकाळी सांगून साबुदाणा भिजत नाही.

काही बिघडलं तर त्याच वेळी, लेखी, फोटोसह कळवा. ‘एसी आत्ता बंद पडला, कृपया तासाभरात बघावं.’ रात्र काढून सकाळी चेक-आउटला तक्रार केली तर हॉटेलला दुरुस्तीची संधीच मिळालेली नसते आणि पैसे परत मागण्याची तुमची बाजू लंगडी पडते. रिसेप्शन, मग मालक किंवा व्यवस्थापक, मग ॲपचा मदत कक्ष, आणि तरीही नाहीच सुटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. हाच क्रम ठेवा.

## टप्पा ९: बिल आदल्या रात्री पाहा

चेक-आउट सकाळी दहा-अकराला असतो आणि त्या अर्ध्या तासात सगळ्यांनाच घाई. म्हणून आदल्या रात्री जेवून आलात की तोवरचं बिल मागा. ओळीओळीने बघा:

- खोलीचं भाडं आणि कराचा टक्का ठरल्याप्रमाणे आहेत का.
- नाश्ता भाड्यात धरलेला असताना तो वेगळा लावलाय का. ही चूक वारंवार होते.
- फ्रीजमधल्या वस्तू. न घेतलेली वस्तू यादीत असेल तर तेव्हाच सांगा.
- हॉटेलातच जेवला असाल तर त्या बिलावरचा कर. हॉटेलातल्या एखाद्या खोलीचं भाडं मागच्या आर्थिक वर्षात ७,५०० च्या वर गेलेलं असेल तर तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के लागतो, एरवी ५. त्यामुळे १८ दिसला की लगेच भांडू नका, विचारा.
- सेवा शुल्क. ते आपोआप लावता येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे जुलै २०२२ चे निर्देश तसे आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ते मार्च २०२५ मध्ये कायम ठेवले. काढून टाका म्हटलं की काढायला हवं. खोली आवरणाऱ्याला जे द्यायचं ते स्वतःच्या हाताने द्या, त्याला नक्की पोहोचतं.

उशिरा चेक-आउट हवा असेल तर तोही याच वेळी ठरवा, सकाळी मागितलात तर पुढचा पाहुणा वाटेतच असतो. परतीची बस बहुधा संध्याकाळची, म्हणून बॅगा ठेवण्याची सोय आणि कपडे बदलायला जागा मिळेल का तेही आत्ताच विचारा.

सकाळी निघताना खाटेखाली, चार्जिंगच्या बटणाजवळ आणि बाथरूमच्या दारामागे एकदा बघा. या घरांत कोनाडे फार असतात आणि चष्मा, चार्जर, अंगठी तिथेच राहते. अनामत परत घ्या, जीएसटी क्रमांक असलेलं पक्कं बिल फोनवर मागवा आणि ते आल्याचं पाहूनच किल्ली द्या.